मिरचीची मूळकुज आणि ट्रायकोडर्मा: भोकरदनकडच्या एका एकराची दोन हंगामांची केस

भोकरदन-सिल्लोड पट्ट्यात उन्हाळी मिरची म्हणजे घर चालवणारं पीक. एप्रिल-मे मध्ये लागवड करायची, पावसाळा लागला की हिरवी मिरची तोडायची आणि पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात न्यायची. कापसाचा पैसा दिवाळीशिवाय दिसत नाही पण मिरचीचा पैसा तोड्याबरोबर हातात पडतो, म्हणून विहिरीचं पाणी तळाला गेलं असलं तरी लोक मे महिन्यात मिरचीला जीव लावतात. आणि याच पट्ट्यात दर पावसाळ्यात मर लागल्याची ओरड होते. झाड नेमकं कशाने गेलं हे फार कोणी उपटून बघत नाही, सरळ दुकान गाठलं जातं.

खाली लिहितोय ती अशाच एका एकराची केस आहे, आणि ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीवर जगणारी मित्रबुरशी तिथे आधी का चालली नाही आणि नंतर कशी वापरली याची. शेतकरी माझ्या नात्यातले, मी त्यांना दादा म्हणतो, नाव-गाव देत नाही. मी ॲग्री शिकलेलो असल्यामुळे असल्या वेळी फोन मलाच येतो.

आधी शेताची हकीकत. काळी भारी जमीन, एका बाजूने नाल्याकडे उतार. बेड केलेले पण जेमतेम वीतभर उंच, त्यावर सिल्व्हर-ब्लॅक मल्चिंग पेपर म्हणजे माती झाकणारं प्लास्टिक, खाली ठिबकची एक लॅटरल म्हणजे नळी. दोन बेडमध्ये पाच फूट आणि दोन झाडांत सव्वा फूट, म्हणजे एकरी सात हजाराच्या आसपास रोपं. रोपं नर्सरीतून कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, ट्रेमधली आणलेली. याच तुकड्यात आधी वांगी होती आणि वांग्यातही पावसाळ्यात बरीच झाडं गेली होती, ही गोष्ट दादांनी फार उशिरा, बोलता बोलता सांगितली. माझ्या मते सगळ्या केसमधली सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच होती.

जून चांगला गेला. जुलैत झड लागली, पाच-सहा दिवस ऊनच नाही, आणि नाल्याकडच्या कोपऱ्यात झाडं कोमेजायला लागली. दुकानदाराने कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दिलं, दादांनी त्याची आळवणी केली, म्हणजे ते पाण्यातून बुडख्याला ओतलं. फरक पडला नाही म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांबेयुक्त बुरशीनाशक आणि सोबत स्ट्रेप्टोसायक्लिन हे जिवाणू मारणारं औषध सोडलं. तरी मर पुढे सरकतच होती, मग कोणीतरी सांगितलं की जैविक वापरा, म्हणून लगेच दोनच दिवसांनी ट्रायकोडर्माची पावडर पाण्यात कालवून ठिबकमधून सोडली. अर्धी पावडर फिल्टरमध्येच अडकली, राहिली ती गेली, आणि झाडं मरत राहिली. तेव्हा मला फोन आला.

दादा बांधावरच भेटले. म्हणाले, "काल संध्याकाळी हिरवीगार होती रे, सकाळी बघतो तर माना टाकल्या. ते जैविक सोडलं तेही वाया गेलं. आता कोणतं औषध सोडू तेवढं सांग."

मी म्हटलं, "दादा, औषधाचं नंतर बघू, आधी झाडं उपटू."

तीन प्रकारची झाडं उपटली, एक पूर्ण वाळलेलं, एक नुकतीच मान टाकलेलं आणि एक त्याच ओळीतलं वरून ठणठणीत दिसणारं. पूर्ण वाळलेल्या झाडावरून काही कळत नाही, त्यावर नंतर आलेल्या दहा बुरश्या बसलेल्या असतात, बघायचं असतं ते मधलं झाड. त्याची पानं पिवळी पडलेली नव्हती, हिरवीच लटकली होती. बुडख्याला जमिनीलगत काळपट तपकिरी पट्टा खोडाला गोल फिरलेला होता, नखाने साल खरवडली तर खालचा भागही तपकिरी आणि ओलसर. मुळं पाण्यात धुतली आणि दोन बोटांत धरून हलकेच ओढली तर वरचं साल मोज्यासारखं निघून आलं आणि आत नुसता दोरा राहिला. बारीक पांढरी मुळं जवळपास नव्हतीच. आणि जे झाड वरून निरोगी दिसत होतं त्याचीही खालची मुळं टोकाला तपकिरी व्हायला लागली होती, ते बघून दादा गप्पच झाले.

बाकीच्या शक्यता तिथेच तपासल्या. खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगला, जिवाणूजन्य मर असती तर थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधाळ धार खाली उतरताना दिसली असती, ती दिसली नाही. फ्युजेरियम या बुरशीच्या मरीत खालची पानं आधी पिवळी पडत जातात आणि खोड उभं चिरलं तर आतल्या वाहिन्या तपकिरी रेघेसारख्या दिसतात, तेही इथे नव्हतं. बुडख्याला पांढरी कापसासारखी वाढ आणि त्यात मोहरीएवढे दाणे असते तर स्क्लेरोशियम ही बुरशी म्हटलं असतं. मुळांवर सूत्रकृमीच्या गाठीही नव्हत्या. झडीनंतर, सखल कोपऱ्यातून सुरू होऊन उताराच्या ओळीने पसरणारी आणि बुडखा काळा करणारी ही मर फायटोफ्थोराकडे बोट दाखवत होती. नमुना तरी लॅबला दिला, नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नये, आणि रिपोर्टमध्ये मुख्य फायटोफ्थोराच आला, सोबत थोडं फ्युजेरियम.

इथेच सगळी केस फिरते. मिरचीवरचा फायटोफ्थोरा कॅप्सिसी काही नवा नाही, लिओनियन यांनी 1922 साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये मिरचीवरूनच त्याचं वर्णन केलं होतं. आपण बोलताना त्याला बुरशी म्हणतो पण तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, मुळं कुजवणाऱ्या पिथियमसारखाच ऊमायसीट म्हणजे पाणबुरशीच्या गटातला आहे. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, याच्या भित्तीत मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोज. याचे बीजाणू शेपट्या लावून पाण्यात पोहतात, म्हणून सरीत पाणी साचलं की एका झाडावरून दुसऱ्यावर जायला त्याला वेळ लागत नाही, आणि जाड भिंतीचे जे बीजाणू तो मातीत सोडतो ते वर्षानुवर्षं टिकतात. वांगी, टोमॅटो, मिरची, काकडी, भोपळा या सगळ्यांवर तो जगतो. आधीच्या वांग्यात मेलेली झाडं तिथेच कुजली होती, म्हणजे बियाणं आधीच पेरून ठेवलेलं होतं म्हणा ना.

आता कार्बेन्डाझिमकडे या. कार्बेन्डाझिम ऊमायसीट गटावर चालतच नाही, पिथियमवर नाही आणि फायटोफ्थोरावर नाही. पण ट्रायकोडर्मा खरी बुरशी आहे आणि कार्बेन्डाझिमला ती फार नाजूक आहे, अगदी कमी प्रमाणातही तिची वाढ थांबते, आणि हे औषध मातीत कित्येक आठवडे टिकून राहतं. म्हणजे दादांनी पहिली जी आळवणी केली तिने रोगाला धक्का लागला नाही आणि नंतर सोडलेल्या ट्रायकोडर्मासाठी मात्र माती आधीच विषारी झाली. त्यावर तांब्याची आळवणी, त्यानेही ट्रायकोडर्माची वाढ मंदावते, आणि सोबत सुडोमोनास हा उपयोगी जिवाणू सोडला असता तर स्ट्रेप्टोसायक्लिनने तोही मेला असता. पावडर खराब होती की चांगली हा प्रश्नच उरला नाही, जगातली सगळ्यात चांगली पावडरही तिथे चालली नसती. गावोगावी "जैविक काही चालत नाही" असं जे ऐकू येतं त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हाच क्रम घडलेला असतो असं माझं ठाम मत आहे, आणि याचा दोष शेतकऱ्याला देण्यात काही अर्थ नाही कारण पुडीवर हे मोठ्या अक्षरात कोणी लिहीत नाही आणि दुकानात कोणी सांगत नाही.

दुसरं असं की ट्रायकोडर्मा हे आजार झाल्यावर द्यायचं औषध नाही. ती काम कशी करते ते बघितलं की कळतं. कॅलिफोर्नियात वाइंडलिंग यांनी 1932 मध्ये पहिल्यांदा नीट दाखवलं की ट्रायकोडर्मा रायझोक्टोनिया या रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालते आणि त्यांच्यावर जगते. पुढे कळत गेलं की ती कायटिन आणि ग्लुकन विरघळवणारी विकरं सोडते, काही प्रतिजैविकं तयार करते, मुळाभोवतीची जागा आणि अन्न आधी बळकावते, आणि मुळावर वस्ती केली की झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करते. यातली प्रत्येक गोष्ट रोग मुळात शिरायच्या आधी घडायला लागते. बुडखा काळा पडून गोल कुजलेल्या झाडाला ती काय वाचवणार?

म्हणून पहिल्या हंगामात जैविक बाजूला ठेवलं आणि आधी पाण्याचं बघितलं. नाल्याच्या बाजूला चर खोदून सरीतलं पाणी बाहेर काढलं. ठिबक बंद केलं, कारण झडीतही ते सवयीने रोज चालू होतं, पेपरखाली माती ओली की कोरडी हे वरून दिसत नाही ना. बाधित कोपऱ्यातली झाडं मुळांसकट उपटून शेताबाहेर नेऊन जाळली, बांधावर किंवा नाल्यात टाकली नाहीत. बुडख्याजवळचा पेपर थोडा फाडून मोकळा केला म्हणजे तिथे हवा लागेल. आणि कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने बाधित भागाला लागून असलेल्या ओळींनाच ऊमायसीटवर चालणाऱ्या मेटालॅक्झिल गटातल्या औषधाची एकच आळवणी दिली. हो, रासायनिकच दिलं. सुरू झालेल्या फायटोफ्थोराला झडीत थोपवायला त्या वेळी दुसरा मार्ग मला दिसत नव्हता, आणि जैविकाच्या नावाखाली उभं पीक घालवणं हा शेतकऱ्यावर अन्याय आहे. वरच्या बाजूच्या ओळी, जिथे रोग पोहोचलाच नव्हता, तिथे मात्र पुरेसं अंतर ठेवून ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून बुडख्याला दिली. त्या हंगामात नाल्याकडचा साधारण तिसरा हिस्सा गेला, बाकीचं पीक शेवटपर्यंत चाललं. यात ट्रायकोडर्माचा वाटा किती आणि चराचा किती हे सांगता येणार नाही, मी तरी श्रेय चराला देईन.

खरं काम झालं ते पुढच्या उन्हाळ्यात.

मिरचीची जागा बदलली. नवीन तुकड्यात आधी मका आणि हरभरा होता, म्हणजे वांगी-मिरची कुळातलं काही नव्हतं. बेड चांगले फूटभर उंच केले, सऱ्यांना उतार देऊन शेवटी आधीच चर काढून ठेवला. पहिली मेहनत इथे गेली आणि दादांना ती पटवायला वेळ लागला, कारण उंच बेडला ट्रॅक्टरचे जादा तास लागतात.

मग शेणखत. लोक इथे हमखास घाई करतात, ट्रायकोडर्माची पुडी शेतात नुसती उधळतात. मे महिन्यात मराठवाड्याच्या उन्हात कोरड्या काळ्या मातीवर पडलेले बीजाणू काय करणार, त्यांना ओल लागते, सेंद्रिय अन्न लागतं आणि 25 ते 30 अंशांच्या आसपासचं तापमान लागतं, थेट ऊन तर अजिबात चालत नाही. म्हणून लिंबाच्या दाट सावलीत पूर्ण कुजलेलं शेणखत पसरलं, 100 किलोला 1 किलो ट्रायकोडर्मा असं प्रमाण, थोडी निंबोळी पेंड, थोडा गूळ पाण्यात विरघळवून शिंपडला. ओल किती हवी तर मूठभर खत दाबलं की गोळा व्हावा पण बोटांतून पाणी गळू नये. वर ओलं गोणपाट झाकलं. दर तीन-चार दिवसांनी खालीवर केलं आणि पाणी शिंपडलं. वहिनींनी हे सगळं सांभाळलं, दादांपेक्षा त्यांचं लक्ष जास्त. आठवड्याभराने ढिगात आधी पांढरी आणि मग हिरवट बुरशी धरायला लागली, वास ओल्या मातीचा येत होता, आंबूस किंवा कुबट नाही. पंधरा दिवसांनी खत तयार झालं. कच्चं शेणखत वापरू नका हे परत परत सांगावंसं वाटतं, ते शेतात तापतं आणि सोबत हुमणी ही मुळं खाणारी अळीही घेऊन येतं.

हे खत संध्याकाळी बेडमध्ये लॅटरलच्या ओळीला मिसळलं, लगेच ठिबक चालवून ओल दिली आणि मग पेपर अंथरला. रोपं ह्या वेळी घरी शेडनेटमध्ये केली, बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळली आणि कोकोपीटमध्येही मिसळली, म्हणजे मूळ फुटल्यापासूनच तिची सोबत. बियाणं कंपनीकडून थायरम हे बुरशीनाशक लावलेलं येतं ते मात्र धुऊन काढायच्या भानगडीत पडलो नाही, कोकोपीटवरच भर दिला. लागवडीच्या वेळी 1 लिटर पाण्याला 10 ग्रॅम अशा द्रावणात रोपांची मुळं अर्धा तास बुडवली. पुढे साधारण तीन आठवड्यांनी एक आळवणी आणि मृग बरसायच्या तोंडावर एक, ती सगळ्यात मोलाची, कारण झड लागायच्या आधी मुळांवर वस्ती पक्की व्हायला हवी. पावडर असल्यामुळे द्रावण रात्रभर ठेवून फडक्यातून गाळूनच ठिबकमध्ये घेतलं. ज्या दिवशी जैविक त्या दिवशी टाकीत दुसरं काहीच नाही, विद्राव्य खतसुद्धा नाही. कार्बेन्डाझिम तर अख्ख्या हंगामात शेतात येऊ द्यायचं नाही असं ठरवलं, फवारणीलासुद्धा, कारण फवारलेलं पावसाने धुऊन मातीतच येतं.

पुडीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण फसवणूक इथेच होते. ट्रायकोडर्मा आपल्याकडे कीटकनाशक कायदा 1968 खाली नोंदणी होऊन विकली जाते, पुडीवर नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत आणि सीएफयू म्हणजे जिवंत बीजाणूंचा आकडा लिहिलेले असायला हवेत. दर ग्रॅममध्ये किमान 20 लाख जिवंत बीजाणू असावेत असा नियम आहे. हा आकडा कारखान्यातून निघताना बरोबर असेल पण पत्र्याच्या दुकानात एप्रिल-मे काढलेल्या पुडीत तो किती उरला असेल याचा विचार करा. आम्ही थोडी पावडर उकडलेल्या ज्वारीवर भुरभुरली आणि ती झाकून सावलीत ठेवली, चार-पाच दिवसांत भरभरून हिरवी वाढ आली. हिरवी वाढ पेनिसिलियम या दुसऱ्या बुरशीचीही येते, त्यामुळे ही चाचणी पक्की नव्हे, पण काहीच वाढ आली नाही तर पुडी मेलेली आहे एवढं तरी कळतं. शक्य असेल त्यांनी विद्यापीठातून आणावं. आपल्याकडे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स हे उपयोगी सूक्ष्मजीवांचं मिश्रण मिळतं, हळद-आल्याच्या कंदकुजीसाठी लोक ते रांगा लावून नेतात.

एक गोष्ट मी आग्रहाने करून घेतली. चार बेड असे ठेवले की उंची, पेपर, पाणी सगळं तेच, शेणखतही तेवढंच, फक्त ट्रायकोडर्मा कुठेच नाही, त्यांची रोपंही वेगळ्या ट्रेमधली. दादा नाराज होते, म्हणाले, "माझ्याच वावरात कशाला प्रयोग?" पण त्याशिवाय नंतर आपण काय बोलणार, जगलं की औषधाने जगलं आणि मेलं की पावसाने मेलं.

पावसाळा आला, जुलैअखेर परत झड झाली, आधीच्या वर्षीइतकी लांबली नाही हे मान्य करायला हवं. ट्रायकोडर्मा दिलेल्या बेडमध्ये तुरळक झाडं गेली, एक इथे एक तिथे, ओळीने सरकणारी मर दिसली नाही. न दिलेल्या चार बेडमध्ये जास्त झाडं गेली, एका ठिकाणी तर लागून पाच-सहा. पण मागच्या वर्षीच्या कोपऱ्यासारखी साफ झोपलेली जागा तिथेही नव्हती. म्हणजे जागा बदलणं आणि फूटभर उंच बेड यांनीच बहुतेक काम केलं, ट्रायकोडर्माने त्याच्या वरची भर घातली. दादांना हे ऐकून जरा वाईट वाटलं, त्यांना वाटत होतं सगळं त्या खतानेच झालं. पण हंगामाच्या मधोमध दोन्हीकडची जिवंत झाडं उपटून मुळं शेजारी ठेवली तेव्हा फरक डोळ्यांना दिसत होता, दिलेल्या बेडमधल्या मुळांना पांढऱ्या तंतुमुळांचं दाट जाळं होतं आणि न दिलेल्यांची मुळं उघडी-बोडकी, टोकं जागोजागी तपकिरी. तोडे कुठल्या बेडचे किती हे वेगळं मोजायला दादांकडे माणसं नव्हती, त्यामुळे उत्पन्नाबद्दल मी काही दावा करत नाही. चार बेड आणि एक पावसाळा एवढ्यावरून नियम सांगता येत नाही हेही खरं.

खर्चाचं म्हणाल तर पुड्या, गूळ, पेंड असं सगळं मिळून आधीच्या वर्षी घाबरून केलेल्या तीन आळवण्यांपेक्षा कमीच लागलं, उंच बेडचे ट्रॅक्टरचे तास तेवढे वाढले. शेणखत घरचं होतं, ज्यांना विकत घ्यावं लागतं त्यांचं गणित वेगळं येईल.

नाल्याकडच्या जुन्या तुकड्याचं काय हा प्रश्न अजून आहे. ट्रायकोडर्मा टाकली म्हणून तिथे लगेच मिरची लावू नका असं मी दादांना स्पष्ट सांगितलंय, मातीतले ते जाड बीजाणू एवढ्यात जात नाहीत. सध्या तिथे मका आहे, त्यावर हा फायटोफ्थोरा जगत नाही, पुढे ज्वारी घ्यायची आणि मिरची, वांगी, टोमॅटो, काकडी काही वर्षं त्या बाजूला फिरकू द्यायची नाहीत. एप्रिल-मे मध्ये तुकडा रिकामा मिळाला तर ओलवून त्यावर पारदर्शक पॉलिथिन चार ते सहा आठवडे अंथरायचं ठरलंय, उन्हाने रोगाचा बराच भार कमी होतो आणि कडक ऊन सोसून ट्रायकोडर्मा नंतर लवकर सावरते, त्यामुळे पेपर काढल्यावर तयार खत देऊन तिला पहिला ताबा मिळवून देता येईल. दादांची अडचण पाण्याची आहे, ऐन मे मध्ये रिकामं वावर ओलवायला विहिरीत पाणी उरेल का, ते त्या वेळीच कळेल.